पन्नास दात्यांचं स्पॉकेट

दिंद्रुडात आश्रुबाला आश्रुबा म्हणून हाक मारणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. बाकी सगळं गाव त्याला 'स्लिपबॉय' म्हणतं. वय अडुसष्ट, मिशा पांढऱ्याफेक, नातवंडं हायस्कुलात, आणि तरी बॉय! साखर कारखान्याकडून ऊसतोडीची चिठ्ठी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणाऱ्या माणसाच्या हुद्द्याचं नावच ते, त्याला आश्रुबा तरी काय करणार? एकतीस हंगाम त्यानं ते काम केलं. रिटायर झाला तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बढती तेवढी राहून गेली.

पहिली काही वर्षं सायकलवर गेली आणि पुढची सगळी राजदूतवर. एकोणनव्वदच्या पाडव्याला घेतलेली ही काळी मोटारसायकल. किक मारली की आधी शिंकणार, मग जरा विचार करणार, मग सुरू होणार. तशा गाड्या निघायच्या बंद होऊन जमाना झाला, पण आश्रुबाच्या ओसरीत तिची जागा ठरलेली आहे आणि तिथं पोत्यांची थप्पी लावायची कुणाची हिंमत नाही. मुलगा अंगद यानं दारात चारचाकी आणून उभी केली तरी आश्रुबा तिला 'अंगदची गाडी' म्हणतो. नुसतं 'गाडी' म्हटलं की राजदूतच.

या गाडीची दोन वैशिष्ट्यं साऱ्या पंचक्रोशीला माहीत. एक म्हणजे ती पळत नसे. काटा पन्नासला टेकला की गाडी अशी काही कण्हायची, की बसणाऱ्यालाच तिची दया यावी. कारखान्यातली पोरं तिला बैलगाडी म्हणत. दुसरं म्हणजे काळ्या रानातल्या चिखलात सगळ्यांच्या गाड्या रुतून बसत, तिथून ही गुरगुरत बाहेर निघायची. न पळण्याचा दोष आश्रुबा गाडीच्या नशिबाला द्यायचा आणि चिखलातून निघण्याचं श्रेय मात्र स्वतःकडे घ्यायचा. "हातात कसब लागतं," असं तो मिशीवर हात फिरवून सांगायचा. लोकही मान डोलवायचे.

आता या गाडीचं सर्वांत मोठं काम सांगायला हवं. आश्रुबाला एकच बहीण, विमलबाई, त्याच्याहून चार वर्षांनी थोरली. तिला दिली तिकडं गेवराईच्या पलीकडं, चकलांब्याला. नागपंचमीच्या सणाला सासुरवाशिणीला आणायला भावानं मुराळी म्हणून जायचं असतं. आश्रुबा दरवर्षी जायचा. आई गेली, वडील गेले, आक्काच्या घरी सुना आल्या, नातसुना यायची वेळ झाली, तरी पंचमीच्या दोन दिवस आधी राजदूतचा आवाज चकलांब्याच्या वेशीत आला नाही असं साल उजाडलं नाही. सत्तर वर्षांची बाई सकाळपासून पिशवी भरून ओट्यावर बसलेली असायची.

निघताना ती न चुकता मागच्या चाकाशी वाकायची, चेनच्या पत्र्याच्या कव्हरला हात लावायची आणि तो हात कपाळाला न्यायची. वाहन म्हणजे लक्ष्मी, पाया पडते बिचारी, असं आश्रुबा समजायचा. मग मागं बसून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणायची, "हळू घे रं." आणि आश्रुबा दरवर्षी त्याच वैतागानं म्हणायचा, "पळतीय कुठं ही, आक्का!"

शंभरेक किलोमीटरच्या वाटेवर थांबे ठरलेले होते. गेवराईला चहा, माजलगावला केळी आणि तेलगावच्या चौकात पाशाभाईच्या गॅरेजवर पाणी. तेलगावला आलं म्हणजे घर आलंच की, पण आक्काला तहान तिथंच लागायची. पाशाभाईच्या दारातल्या माठातलं तांब्याभर पाणी ती प्यायची, आतून पाशाभाईच्या पत्नी खतीजाभाभी बाहेर यायच्या, दोघी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. आश्रुबा तोवर समोरच्या हॉटेलात एक कप मारून यायचा.

हे सगळं मागच्या वर्षी मोडलं. पंचमीच्या तोंडावर राजदूतची चेन तुटली. उघडून बघावं तर चेन ज्या दातेरी चाकावर फिरते त्या स्पॉकेटचे दाते झिजून वाकडे झालेले, नवी चेन टाकली तरी त्यावर टिकली नसती. चेन आणि पुढचं-मागचं स्पॉकेट, सगळा सेटच बदलायला हवा होता. पाशाभाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं, मेहेककडं, अंबाजोगाईला होता आणि त्याचा मुलगा जावेद म्हणाला, "काका, ह्या गाडीचं काय बी भेटत न्हाई आता." शेवटी अंगद त्याच्या गाडीतून आत्याला आणायला गेला. विमलबाईला बंद गाडी जन्मात सोसलेली नाही. चकलांब्यापासून दिंद्रुडपर्यंत तिनं सात वेळा गाडी थांबवली. अख्खी पंचमी ती खाटेवर पडून होती, ना झोका, ना गाणी, ना पुरणाचा घास. परत जाताना म्हणाली, "आश्रुबा, मपलं माहेर पुरं झालं आता. तुजी गाडी आली तर येईन. न्हाई आली तर वाईट वाटून घिऊ नगंस, पर मी काय येत न्हाई."

हे वाक्य आश्रुबाला वर्षभर खात होतं. पाशाभाई परतल्यावर त्याला विचारलं, तर तो 'हुडकतोय' एवढंच म्हणत राहिला. मग आश्रुबा बीडच्या भंगार बाजारात गेला. परळीला गेला, अंबाजोगाईला गेला. नवी पोरं काउंटरवरच्या मोबाइलमधून मान वर न करता म्हणायची, "मॉडेल बंद." कुणी दुसऱ्याच गाडीचं स्पॉकेट दाखवून "घासून बसंल" म्हणायचं. अंगद म्हणाला, "आबा, उलटीची गोळी दिऊन आनू आत्याला." आश्रुबानं त्याच्याकडं असं बघितलं, की अंगदनं तो विषय पुन्हा काढला नाही.

पंचमीला सहा दिवस राहिले आणि माजलगावच्या जुन्या मोंढ्याजवळ मोहनराव भेटले. त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या वडिलांच्या काळचं, आणि माळ्यावरचा मालही बराचसा त्याच काळचा.

"राजदूत?" मोहनरावांनी चष्मा वर सरकवला. "दहा-बारा वर्सांनी नाव ऐकलं. जुना नमुना आनलाय का?"

नमुना आश्रुबानं आणलाच नव्हता. एकोणनव्वदपासून एकच गाडी चालवणाऱ्या माणसाला नमुना कशाला लागतो, असा त्याचा तोरा. "राजदूतचं म्हंजी राजदूतचं, त्यात काय नमुना!"

मोहनराव स्वतः शिडी लावून वर चढले. अर्धा तास वरून धूळ आणि शिंका येत राहिल्या. मग ते तेलकट कागदात गुंडाळलेलं पुडकं घेऊन उतरले. आत कोरा करकरीत सेट! मोठं स्पॉकेट, लहान स्पॉकेट आणि ग्रीसमध्ये माखलेली चेन. आश्रुबाला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण चारचौघांत ते बरं दिसलं नसतं, म्हणून त्यानं दोन चहा मागवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं अंगणात गोणपाट अंथरलं आणि गाडी उघडली. जुना सेट काढून नव्याशेजारी ठेवला आणि तो बघतच राहिला. जुनं मागचं स्पॉकेट नव्यापेक्षा बोटभर मोठं. त्यानं खडूनं खूण करून दाते मोजले. पन्नास. नव्याचे मोजले, तर सात कमी. पुन्हा मोजले. पुढचं जुनं लहान, त्याला नव्यापेक्षा दोन दाते कमी. चेनच्या कड्या मोजल्या तर जुनीला दोन जास्त, आणि त्या जोडायला म्हणून एक वाढीव लॉक. मोहनरावांनी चुकीचं दिलं म्हणावं, तर नवं कसं चाकावर आणि कव्हरात चपखल बसत होतं.

कव्हर हातात घेतलं तेव्हा आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्या कव्हराला मागच्या बाजूला फुगवटा होता, तव्यावर भाकरी फुगावी तसा. गाडी घेतली त्याच वर्षी ती पाशाभाईच्या गॅरेजवर सर्व्हिसिंगला सोडली असताना सटवा गाडीवानाच्या बैलानं लाथ मारली आणि तो फुगवटा आला, असं पाशाभाईनंच सांगितलं होतं. त्यापायी आश्रुबा सटवाशी सहा महिने बोलला नव्हता. आता तो कव्हर उलटसुलट करून बघत होता. लाथ बाहेरून बसते. पत्रा आत जायला हवा. हा बाहेर कसा आला? पस्तीस-छत्तीस वर्षांत त्याला हा प्रश्न पडला नव्हता. आतल्या बाजूनं बोट फिरवलं, तर हातोडीचे बारीक ठोके लागले, ओळीनं घातलेले.

नवा सेट बसवून त्यानं किक मारली. गाडी शिंकली, विचार केला आणि सुरू झाली. तेलगावच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला, तर राजदूत त्याच्या हातातून निसटायलाच बघत होती. पन्नास केव्हा गेले कळलं नाही. साठ झाले, सत्तर झाले. कण्हणं नाही, कुरकुर नाही. दोन्ही बाजूंचा कापूस मागं पळाला, डोक्यावरची टोपी उडून कुणाच्या तरी उसात गेली आणि आश्रुबा तिच्यासाठी थांबलासुद्धा नाही. त्याला पाडव्याच्या दिवशीची कोरी गाडी आठवली. बत्तिसाव्या वर्षीचे आपले काळे केस आठवले. मोठ्यानं हसू आलं आणि वाऱ्यानं डोळ्यांत पाणीही आलं.

तेलगाव जवळ येईपर्यंत हसू जिरलं आणि त्याच्या जागी राग आला. म्हणजे आपली गाडी बैलगाडी नव्हतीच! कुणीतरी तिला पायबंद घातला होता. कारखान्यातली पोरं हसली, मेव्हणे हसले, प्रत्येक लग्नाच्या वरातीत आपण शेवटी पोचलो, ते कुणामुळं?

पाशाभाई गॅरेजच्या दारात बाजेवर बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी, वय शहात्तर. गाडी अजून चौकात वळायची होती, तेवढ्यात त्यानं मान वर केली.

"जावेद, आश्रुबा आला बघ," तो म्हणाला. "पर आवाज बदललाय. कोन काढलं ते मोठं स्पॉकेट?"

आश्रुबानं गाडी बंद केली आणि उतरायच्या आधीच सुरू झाला. "मीच काढलं. आनि ते घातलं कोन, ते इचारायला आलो हाय. पाशाभाई, खरं सांगा. सटवाच्या बैलानं लाथ मारलती का?"

पाशाभाईनं काठी बाजेला टेकवली. मग म्हणाला, "न्हाई. त्या बैलाचा काय बी कसूर न्हवता. मीच ठोकलं आतून. मोठं स्पॉकेट आत बसना, मग काय करनार?"

"पर कावून? मी काय वाईट केलतं तुमचं?"

"तू न्हाई केलं. बस हितं."

आश्रुबा बसला नाही. पाशाभाई त्याच्याकडं न बघता बोलत राहिला, कारण दिसत तसंही फारसं नव्हतं.

"एकोननव्वदची पंचमी. तुजे वडील त्याच सालात गेलते. तू नव्या गाडीवर बहिनीला घिऊन आला, मांडीवर तिची लहान पोर, विजयमाला. कसा आला तू? ऐंशीनं! तिच्या डोक्यावरचा पदर कुठं, केस कुठं. तू उतरला, शीळ घालत हॉटेलात गेला. ती हितं उभी राहिली, ह्या माठापाशी. हातपाय कापत होते बाईचे. पानी पिली अन् मला म्हनली, पाशाभाई, गाडीची तुमाला समदी इद्या हाय. हिला असं काय तरी करा, की ही पळूच नये. मी म्हनलं, त्यालाच सांगा की बाई, हळू चालव म्हनून. म्हनली, सांगून आयकनारा हाय का तो? आई न्हाई, बाप गेला. मला एकच भाऊ हाय. ह्यो रस्त्यावर कुठं पडला, तर पंचमीला मला न्यायला कोन यील? मपलं माहेर म्हंजी ही गाडी अन् तिच्यावर बसलेला ह्यो येडा."

समोरून एक टेम्पो गेला. तो गेल्यावर पाशाभाई पुढं सांगू लागला.

"मला वचन घातलं तिनं, की तुला कळू द्यायचं न्हाई. बीडच्या लेथवाल्याकडून तीन पन्नासाचे बनवून घेतले मी. मागचं मोठं अन् पुढचं लहान झालं की गाडी चिखलातून वढती, पर पळत न्हाई. एक झिजलं की दुसरं. तू म्हनायचा गाडी पळत न्हाई, मी म्हनायचो इंजिन बसलं. झूट बोललो, अल्ला माफ करील. अन् ती दर पंचमीला हितं पानी प्यायला थांबायची, ते काय तहान म्हनून? तू हॉटेलात गेला की मला हळूच इचारायची, हाय न्हवं जागेवर?"

आश्रुबा बाजेच्या कडेला बसला. राग होता तो कुठं गेला हे त्यालाच कळलं नाही. चकलांब्याच्या ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली आक्का त्याच्या डोळ्यांपुढं आली. मागच्या चाकाशी वाकलेली, कव्हरावर हात फिरवणारी. लक्ष्मीच्या पाया पडते म्हणे! ती फुगवटा चाचपून बघत होती. फुगवटा आहे म्हणजे आत मोठं स्पॉकेट आहे, आणि मोठं स्पॉकेट आहे म्हणजे भाऊ आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी ती दरवर्षी वाकत होती आणि आपण वर तिच्यावरच खेकसत होतो.

"सटवाला काय सांगू आता?" त्यानं विचारलं. सटवाला जाऊन दहा वर्षं झाली होती आणि बैल त्याच्याही कितीतरी आधी गेला होता.

खतीजाभाभी चहा घेऊन बाहेर आल्या. आश्रुबानं कप हातात धरला आणि पाशाभाईला विचारलं, "तीन बनविले म्हनलात. दोन झिजले. तिसरं कुठं हाय?"

पाशाभाईचा चेहरा पडला. "तेच सापडना. मेहेककडं जायच्या आदीपासून हुडकतोय."

"काय हुडकताय?" खतीजाभाभींनी विचारलं.

"ते मोठं स्पॉकेट. आश्रुबाच्या गाडीचं."

खतीजाभाभींनी नवऱ्याकडं असं पाहिलं, की लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या बायकांनाच तसं पाहता येतं. "अजी, माठ कशावर ठेवलाय मग मी? सहा वर्सं झाली. माठ हलायचा म्हनून तुमीच तर दिलं काढून."

जावेदनं माठ उचलला. खाली ओल्या वाळूत पन्नास दात्यांचं स्पॉकेट आडवं पडलेलं होतं. वरून गंज चढला होता, पण दाते एकसारखे होते, त्यांना चेन कधी लागलीच नव्हती. पुढचं लहान स्पॉकेट खिळ्यांच्या डब्यात मिळालं. जावेदनं रॉकेलमध्ये बुडवून दोन्ही घासले, दुसऱ्या एका नव्या चेनच्या दोन कड्या काढून आश्रुबाच्या नव्या चेनला जोडल्या. तो काम करताना हसत होता. "काका, लोकं गाडी पळवायला पैसे देतात. तुमी पळती गाडी बांधून घ्यायलात."

"तू तुजं काम कर बे," आश्रुबा म्हणाला.

एकदा मात्र त्याचा जीव खालीवर झाला. मोहनरावांचं कोरं स्पॉकेट जावेदनं चाकावरून काढून बाजेवर ठेवलं तेव्हा ते इतकं झकास चमकत होतं. सकाळचा वारा त्याला आठवला. टोपी आठवली. मग त्यानं ते स्पॉकेट त्याच तेलकट कागदात गुंडाळलं आणि खतीजाभाभींच्या हातात दिलं. "माठाखाली ठेवा," तो म्हणाला.

पंचमीच्या दोन दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमाराला, राजदूत कण्हत कण्हत चकलांब्याच्या वेशीत शिरली. विमलबाई ओट्यावर होती. पिशवी भरलेली नव्हती. यंदा येणार नाही असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, तरी ओट्यावर येऊन बसली होती खरी. आवाज ऐकला आणि ती उठून उभी राहिली. सून आतून पळत पिशवी भरायला गेली.

"आली का गं बाई गाडी!" ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

जेवणं झाली, निरोप झाले. विमलबाई गाडीजवळ आली, मागच्या चाकाशी वाकायला लागली. गुडघ्यातून कळ आली असावी, ती मध्येच थांबली. आश्रुबानं तिचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं तिचा हात धरून खाली नेला, थेट त्या फुगवट्यावर ठेवला.

"हाय आक्का. जागेवर हाय," तो म्हणाला.

विमलबाईनं चटकन त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिला सगळं समजलं. तोंड उघडून ती काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात त्यानं किक मारली. गाडी शिंकली, विचार केला आणि सुरू झाली. विमलबाई मागं बसली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीनं वेस ओलांडली.

मग कानाशी हळूच आवाज आला, "हळू घे रं."

"पळतीय कुठं ही, आक्का," आश्रुबा म्हणाला.